ओसरलेली विहीर आणि बाळासाहेब

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या याच दिवाळी अंकात बाळासाहेबांचा लेख आला होता. शीर्षक संस्कृतात. सोबत रंगीत छायाचित्र: खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, आणि चेहऱ्यावर ‘याची काय गरज होती’ असा भाव, जो आणायला फार सराव लागतो.

यंदा संपादक माझ्याकडे आले. म्हणाले, “ताई, तुम्हीही लिहा ना. बाळासाहेबांच्याच खात्यातल्या तुम्ही.”

बाळासाहेब त्या खात्यात जेमतेम चार वर्षं होते. मी तिथेच म्हातारी झाले. तरी खातं त्यांचं. तेव्हा आधीच सांगून टाकते की हा लेख मी हेव्यापोटी लिहीत आहे. मराठीत जळ म्हणजे पाणी, आणि जळणं म्हणजे हे. माझी सगळी नोकरी या दोहोंतच गेली.

आधी नोकरीविषयी. भूजल खात्यातला भूवैज्ञानिक काय करतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्या शेजारणीला सांगायच्या, “ती बोअरवेलची इन्स्पेक्टर आहे.” फारसं चूक नव्हतं. कारखान्याला, हॉटेलला, बाटलीबंद पाण्याच्या प्लांटला जमिनीतलं पाणी उपसायचं असलं तर परवानगी लागते. अर्ज येतो, अर्जासोबत सल्लागाराचा जाडजूड अहवाल येतो, आणि माझ्यासारखी कोणीतरी जाऊन बघते की अहवालातली जमीन आणि खरी जमीन एकच आहे का. बहुधा त्या चुलत बहिणी निघतात.

आपल्या माळव्याचा दगड बाहेरून आडदांड दिसतो, पण पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. चिरोट्यासारखे पदर आहेत त्याचे. एक थर टणक, त्यात पाण्याचा थेंब नाही. त्याच्याखाली भेगांचा, मुरमाचा पातळ थर, सगळं पाणी तेवढ्यात. पुन्हा टणक. गावच्या विहिरी वरच्या थरातल्या पाण्यावर जगतात. कोणी शेजारी खोल बोअर मारली आणि वरचा थर पाइपाने नीट बंद केला नाही, तर वरचं पाणी त्या भोकातून खाली निघून जातं. विहिरीचा मालक ढगांना शिव्या देत बसतो. ढगांचा काही दोष नसतो.

या कामात माणसं मात्र सरस भेटली. धार जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्याचं उद्घाटन होतं. फीत, नारळ, गुरुजी, ढोल, सगळं. मी छतावरून येणारा पाइप शोधत गेले तर तो भिंतीवर अर्ध्यातच संपला होता, खड्ड्यापासून चांगला लांब. मॅनेजर म्हणाला, “मैडम, पाइप नेक्स्ट फेज़ में है.” खड्ड्याची पूजा झाली, पाणी यायचं राहिलं. धरमपुरीकडे एका रिसॉर्टवाल्याला बोअर हवी होती. समोर नर्मदा वाहत होती, तिच्यावर नावा चालल्या होत्या. मी बोट दाखवलं तर हात जोडून म्हणाला, “मैया का पानी तो पूजा का है जी, गेस्ट को बोअर का चाहिए.” खातेगांवच्या एका भियाने, म्हणजे इकडच्या भैयाने, मंगल कार्यालयासाठी अर्ज केला आणि पाण्याच्या वापराच्या रकान्यात लिहिलं, ‘मेहमान पर निर्भर’. मला आजवर आलेल्या अर्जांत हा सगळ्यात खरा होता.

आता बाळासाहेब.

आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो. आपलं देवास म्हणजे एकेकाळी एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाळासाहेबांचं घराणं थोरल्या पातीच्या दरबारातलं. घरात अजून आईला ‘मातोश्री’, ताटाला ‘पान’ आणि जेवा म्हणायचं तर ‘पान वाढलंय’. माझे वडील खानदेशातून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले. आमच्या कॉलनीत शंभर घरांमागे एक नळ. त्या नळावर उभी राहून मी मालवी शिकले, आधी शिव्या आणि मग व्याकरण. बाळासाहेबांच्या घरी आड होता, त्यामुळे त्यांना मालवी शिकायची वेळच आली नाही.

पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला फाइल दिली. बाळासाहेब उठून म्हणाले, “ताईसाहेब, आपण बसावं.” मी बसले. सगळं ऑफिस त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिलं. बसले होते मी, आणि मोठे झाले ते. हा त्यांचा पहिला दिवस आणि माझ्या जळण्याचाही.

चार वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि सल्लागार झाले. म्हणजे कारखान्यांसाठी अहवाल ते लिहिणार आणि तपासणार मी. त्यांचा अहवाल देखणा असे. नकाशे रंगीत, भाषा घरंदाज, पहिल्या पानावर पाण्याविषयी सुभाषित. माझ्या शेऱ्याची फाइल ज्या टेबलावर महिनोन्‌महिने झोपे, तिथे ते एक चहा पीत आणि फाइल उठून चालू लागे. मी चुका शोधायची. सापडत नसत. माणूस प्रामाणिक होता, हे तर आणखी असह्य.

म्हणून हाटपिपल्याच्या अलीकडच्या एका गावाची फाइल आली तेव्हा मला काय वाटलं असेल ते समजा. गावाचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. बाटलीबंद पाण्याचा प्लांट होता. बाळासाहेब ऑफिसात अहवाल मांडायला आले. भिंतीवर चित्र पाडून ते एकेका विहिरीवर काठी ठेवत होते. प्लांटच्या सगळ्यात जवळच्या विहिरीवर काठी आली तेव्हा म्हणाले, “ही विहीर मृत आहे. मी स्वतः पाहिली. तळाशी चिखल. पाणी ओसरून गेल्याचं गावकऱ्यांनीच सांगितलं.”

मृत विहीर म्हणजे हिशोबातून बाद. ती बाद झाली की प्लांटपासून दुसरी विहीर पुष्कळ लांब पडत होती, आणि कंपनीला रात्रंदिवस पाणी उपसायची मोकळीक मिळत होती.

मला खटकलं ते एवढंच, की विहिरीच्या भोवती चित्रात लसणाचा हिरवा पट्टा दिसत होता. मेलेल्या विहिरीभोवती लसूण उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढायला लावली. ड्रायव्हर भिया म्हणाला, “मैडम, बाळासाहेब देख के आए हैं ना?” म्हटलं, “म्हणूनच.” वाटभर मी खूश होते. एवढ्या वर्षांनी माणूस सापडला होता. कंपनीने विकत घेतला असणार, मी मनातल्या मनात त्यांचा पडलेला चेहराही बघून घेतला.

विहिरीवर एक बाई उकिडवी बसली होती. साठीच्या पुढची, डोक्यावर लुगड्याचा पदर, नजर विहिरीवर नाही, विहिरीवरच्या मोटरवर. नाव गेंदाबाई. विहिरीत डोकावले. पाणी काठाखाली दोन पुरुष खोल, निळंशार.

मी नळावरच्या मालवीत विचारलं, “बई, यो कुओ तो भर्‌यो हे. लोग तो के के सूखी ग्यो?”

“कुण के?” कोण म्हणतं, म्हणून ती उसळली. “सूखे वणी को घर!”

मग कळलं. विहीर तिच्या सासऱ्याची. सासऱ्याला चार मुलगे, म्हणून विहिरीत चार पात्या, म्हणजे चार वाटे. गेंदाबाई नवऱ्यामागे त्याची पाती सांभाळत होती. विहिरीत एकदम चौघांना पुरेल एवढं पाणी नाही. म्हणून पाळी. आज एकाने मोटर लावायची, तळ दिसेपर्यंत उपसायचं, थांबायचं. रातोरात झरे भरून काढतात. उद्या दुसऱ्याची पाळी. या पाळीला मालवीत म्हणतात ओसरो.

“आज कणी को ओसरो हे?” मी विचारलं.

“जेठ को. मांगीलाल को.” थोरल्या दिराच्या नावाने तिने मोटरकडे हनुवटी उडवली. “टेम से पेलां बटन दबई दे हे वो. अणी वास्ते बेठी हूँ.”

“आणि तुमच्या ओसऱ्याला?”

“तब वी बेठे.” तेव्हा दीर येऊन बसतो, हे तिला इतकं उघड होतं की विचारल्याचंच नवल वाटलं. आपल्या पाळीला माणूस पाण्याकडे बघतो, दुसऱ्याच्या पाळीला मोटरकडे. चार घरं एकमेकांवर अशी जळत होती, आणि त्या जळण्यावर विहीर पिढ्यान्‌पिढ्या टिकली होती. कुठल्याही खात्याची परवानगी तिला लागली नव्हती.

मी विचारलं, एक साहेब आले होते का, पांढऱ्या कपड्यांतले, गोरे, फार गोड बोलणारे?

“आया था नी! सांजे. म्हारो ओसरो थो, पानी म्हने खेंची लियो थो, तलो दिखे. वी पूछे, पानी कां ग्यो? म्हने कियो, ओसरो पूरो हुई ग्यो.” ती थांबली. “वी बोल्या ‘अरेरे’. म्हारा हाथ जोड्या ने चल्या ग्या. म्हारे तो समझ में नी आयो, ओसरो पूरो हुयो अणी में अरेरे कंई?”

मी विहिरीच्या काठावर खाली बसले.

‘ओसरो पूरो हुई ग्यो.’ माझी पाळी संपली, असं ती म्हणाली होती. आणि दरबारी मराठीत वाढलेल्या बाळासाहेबांनी ऐकलं: पाणी पुरतं ओसरलं. समोर तळही दिसत होता. कान आणि डोळे दोघांनी एकच साक्ष दिली. अशी चूक हिंदीवाला करणार नाही, मालवीवाला तर नाहीच. माळव्यात राहून नळावर कधी उभा न राहिलेला मराठी माणूसच ती करू शकतो.

खरं सांगते, मी हिरमुसले. माझ्या हाती लबाडी लागायची होती, लागला गैरसमज. पण काही नसण्यापेक्षा बरं, म्हणून मी पाहणी ठेवली. चारचौघांत. कंपनीचा मॅनेजर, आमचे साहेब, गावचे लोक, आणि बाळासाहेब.

पाहणी सकाळी ठेवली, विहीर भरलेली असताना. बाळासाहेबांनी काठावर येऊन आत पाहिलं. मी आवाज थोडा चढवूनच म्हटलं, “बाळासाहेब, मृत विहिरीत बरंच पाणी आहे. पाणी ओसरलं असं आपल्याला कोणी सांगितलं?”

त्यांनी गेंदाबाईकडे बघितलं. “या मातोश्रींनी.”

“त्यांनी ‘ओसरो’ म्हटलं. मालवीत ओसरो म्हणजे पाळी.”

या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. माणसाचा चेहरा पडायला हवा होता. बाळासाहेबांनी कपाळाला हात लावला आणि मोठ्याने हसायला लागले. मग गेंदाबाईसमोर वाकून हिंदीत म्हणाले, “माँजी, माफ़ करो. मैंने आपका ज़िंदा कुआँ मार डाला. हमारी मराठी आड़ी आ गई.”

गेंदाबाई पदरात हसली. मांगीलाल हसला. साहेब हसले. कंपनीचा मॅनेजर, ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं होतं, तोही हसला. घरोघर चहा झाला. जो तो बाळासाहेबांना आपल्या घरी ओढत होता. चूक त्यांची, पकडली मी, आणि लाडके झाले ते. मला चहा मिळाला, पण ड्रायव्हरसोबत.

तरी प्रश्न उरला होताच. प्लांट बांधून झाला होता. नियमात कंपनीला साफ नकार देता येत नव्हता, आणि हो म्हटलं तर वरच्या थराचं पाणी बोअरकडे जाऊन चौघांच्या पात्या कोरड्या पडणार होत्या. लसणाच्या ऐन पाण्याच्या वेळी. आमच्या कायद्याची एक गंमत आहे. जो अर्ज करतो त्याचा हक्क कागदावर येतो. जो पिढ्यान्‌पिढ्या पाणी पितो, त्याला अर्ज करायचं सुचत नाही, म्हणून तो कागदावर नसतोच. मॅनेजर म्हणत होता, “हमने तो सब फॉर्म भरे हैं.” खरंच भरले होते.

हे सगळं गेंदाबाईला मालवीत समजावताना मी म्हटलं, की कंपनी पण आता तुमच्याच झऱ्यावर येणार.

ती म्हणाली, “तो वी बी ओसरो ले.”

“म्हणजे?”

“चार पाती हे, पांचवीं वणा की. पांचवें दिन खेंचे. बाकी दिन बंद. अणी में कंई?”

मॅनेजर म्हणाला, कारखाना असा चालत नाही. गेंदाबाई म्हणाली, लसूण पण नाही चालत, तरी चालवतो. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, “पण वणा की मोटर तो भीत का पाछे हे. म्हने दिखेगी कां से?”

शिफारस मी तिथेच बांधाला टेकून लिहिली. बोअरचा वरचा थर पाइपाने बंद. पंप पाच दिवसांतून एकदा, बाकी दिवस टाकीतल्या साठ्यावर काम. आणि पाण्याचं मीटर आत पंपघरात नाही, रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीत, जाळीआड, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आमच्या परवानग्यांत मीटरची अट नेहमी असते. ते कोणी वाचावं, ही अट कधीच नसते. मी शेकडो मीटर लावायला लावली. त्यांतली किती नीट फिरतात, मला आजही माहीत नाही, आणि ही गोष्ट मला टोचते. कारण त्या भिंतींबाहेर जळणारं कोणी बसवायचं मला तोवर सुचलंच नव्हतं.

शिफारस वर गेली आणि नेहमीप्रमाणे झोपली. असली अट पूर्वी कोणी घातली नव्हती, म्हणून सही करायला कोणी तयार नव्हतं. शेवटी बाळासाहेब गेले. कंपनीचे सल्लागार, तरी माझ्या अटींच्या बाजूने बोलायला. एक चहा प्यायले. सही झाली.

पुढच्या वर्षी इंदूरच्या एका संस्थेने जलरक्षकांचा सत्कार केला. मंचावर केळीचे खांब, पुढच्या टेबलावर बाटलीबंद पाणी. ‘ओसरा पद्धतीचे प्रणेते’ म्हणून बाळासाहेबांना शाल मिळाली. मी मागच्या रांगेत होते. भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं, दोनदा घेतलं. ध्वनिक्षेपक दोन्ही वेळा खरखरला. तोच फोटो आपण मागच्या अंकात पाहिला.

मी निवृत्त झाले. मागच्या हिवाळ्यात बाळासाहेबांचा फोन आला. “ताईसाहेब, गावाकडे निघालोय, आपणही चला.” गाडी त्यांची, पांढरी, आतून चंदनाचा वास. वाटेत ते माझ्या प्रकृतीची चौकशी करत होते, मनापासून. मी खिडकीतून हरभरा बघत होते.

गेंदाबाई घराच्या ओट्यावर लसूण निसत होती. जास्त वाकली होती, नजर तशीच. विहिरीत पाणी आहे, म्हणाली. मीटरवाली भिंत पण आहे. कंपनीने मध्यंतरी ‘धूप लगती है’ म्हणून मीटर आत हलवायला घेतलं होतं. चारही घरच्या बायका भिंतीसमोर जाऊन बसल्या. सावली हवी तर वर पत्रा टाका, म्हणाल्या. पत्रा टाकला गेला.

“रोज कोण बघतं?” मी विचारलं.

“ओसरो बांध्यो हे नी. एक दन मांगीलाल का घर वाला, एक दन म्हें.” आवाज खाली आणून म्हणाली, “मांगीलाल को कंई भरोसो, बिना देख्या के दे के देख्यो. तो वणी का दन बी म्हें जई आऊं.” न बघता ‘बघितलं’ म्हणेल, म्हणून त्याच्या दिवशीही तीच जात होती.

त्या दिवशी पाळी तिची होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. बाळासाहेब चटकन पुढे झाले. “माँजी, आप बैठो. आज हम देख आते हैं.”

गेंदाबाईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तमारे तो शाल मिली गी,” म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “बेन, आज म्हारो ओसरो तू ले ले.”

इतकी वर्षं ती मला ‘तम’, म्हणजे तुम्ही, म्हणत होती.

भिंत जवळच होती. बाळासाहेब गाडीपाशी थांबले. मी जाळीला नाक लावलं तसा आतून चौकीदार धावत आला. मला ओळखून संकोचला. “मैडम, आप तो रिटायर हो गईं ना?”

“हो भिया,” मी म्हटलं. “नौकरी गई. आज हमारा ओसरा है.”

मीटरचं बारकं चाक स्थिर होतं. कंपनीचा दिवस नव्हता. तरी मी बघत राहिले, मध्येच फिरलं तर? मागे पांढऱ्या गाडीचा हॉर्न हळूच वाजला, घरंदाज वाजावा तसा.

वाजू दिला.